सवाईत (पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात) बसायचं कुठे?
"लवकर जा आणि मंचाच्या जमेल तितकं जवळ बसा," असं एकाने सुचवलंय. बघायला ठीक, ऐकायला मात्र हे अर्धंच खरं. अगदी पुढे कोपऱ्यात बसलं की एकाच बाजूचा स्पीकर कानावर आदळतो. डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) पोटात घुमतो आणि तानपुरा कुठे गेला ते कळतच नाही.

महोत्सव रमणबागेत भरायचा तेव्हापासूनचा मी भारतीय बैठकवाला, आता मुकुंदनगरला जातो. आधी आवाजाच्या मिक्सरचं टेबल कुठे मांडलंय ते बघायचं आणि त्याच्या थोडं पुढे, मधल्या रेषेत जागा धरायची. तिथला माणूस जे ऐकून बटणं फिरवतो, साधारण तेच आपल्याला मिळतं. खांब आणि कॅमेऱ्याचा स्टँड तेवढा चुकवा. येण्याजाण्याची वाटही, ऐन विलंबितात, म्हणजे संथ लयीत, वडापाव घेऊन लोक पायावर पाय देत जातात.

फार मागेही नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मंचावरचा आवाज ७० मीटरवर पोचायला ०.२ सेकंद लागतात. चढलेल्या द्रुत (जलद) तीनतालात एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, जेमतेम तेवढीच! पडद्यावर तबलजीचा हात समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडलेला दिसतो, आणि कानावर सम येते तेव्हा त्याची पुढची मात्रा चालू झालेली असते. अशा वेळी मी सरळ डोळे मिटून घेतो.

आणि हो, कनातीजवळ बसणार असाल तर शाल न्या. डिसेंबरातलं वारं तिथूनच आत शिरतं.