हिवाळ्यात मोटरहोमच्या बॅटऱ्या: गाडीतच ठेवू की काढू?

मिनेसोटाकर: मंडळी, आमची गाडी ऑक्टोबर ते एप्रिल उघड्या यार्डात असते, तिथे वीज नाही. बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या. मेन स्विच बंद असूनही उतरतात. छपरावर सोलर पॅनल लावू का?

जुनाखटारा: सोलर विसरा हो, पॅनलवर बर्फ साचला की संपलं. बऱ्याच गाड्यांत गॅस डिटेक्टर स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर असतो, चोर बहुधा तोच. पूर्ण चार्ज करा, वायरींचा फोटो घ्या, आधी निगेटिव्ह सोडवा आणि बॅटऱ्या घरी आणा. उतरलेली बॅटरी उणे ७ अंशांच्या आसपास गोठते आणि डबा तडकतो. भरलेली उणे ५०लाही गोठत नाही. तळघरात काँक्रीटवर ठेवली तरी चालते, उतरते म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. महिन्याला मल्टिमीटर लावा, १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्जर. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, तेव्हा हवा खेळती हवी.

अल्बर्टावासी: लिथियमवाल्यांनी हे वाचून पूर्ण चार्ज करू नये. निम्मी भरून ठेवा, आणि शून्याखाली चार्जिंग अजिबात नको.

मिनेसोटाकर: इंजिनची बॅटरीपण काढू?

जुनाखटारा: तीपण. जड आहे, पोराला हाताशी घ्या.