घुमट आरतीच्या सरावासाठी मुक्त स्रोत रिदम गेम : वाढत्या लयीचा चार्ट कसा तयार करावा? (मदत हवी आहे)

घुमट_डिचोली

नमस्कार.

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी शिकवतो आणि शाळेच्या घुमट आरती पथकाचा (घुमट म्हणजे एका तोंडावर पुडी बसवलेले मडक्याचे वाद्य) सराव घेण्याचे कामही माझ्याकडे आहे. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की सरावाला येणाऱ्या मुलांची संख्या वाढते, घुमटे मात्र तेवढीच असतात, आणि थोडी मुले वाजवत असताना बाकीची नुसती ऐकत बसतात. शाळेच्या संगणक कक्षात उबुंटूवर चालणारे जुने संगणक आहेत. ज्यांच्या हाती त्या वेळी घुमट नसेल त्यांना कळफलकावर ठेक्याचा सराव करता यावा, यासाठी एखादा रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या तालावर कळा दाबायचा खेळ, वापरण्याचा माझा विचार आहे. तो मुक्त स्रोत असावा हा माझा आग्रह केवळ पैशांसाठी नाही. त्यात आमच्या गावची आरती आणि आमचा ठेका घालता आला पाहिजे, आणि तयार झालेली फाइल शेजारच्या शाळेला निःसंकोच देता आली पाहिजे. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. ते वाद्य मुलांच्या हातात राहावे असे मला मनापासून वाटते.

आतापर्यंत जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. स्टेपमेनिया हा खेळ एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहे, त्याचा चार्ट (गाण्यात कोणता ठोका कधी द्यायचा याची नोंद) ही साधी मजकूर फाइल असते आणि तो आमच्या संगणकांवर सुरळीत चालतो. परंतु त्याची मूळ रचना पायाने दाबायच्या चार बाणांची आहे. फ्रेट्स ऑन फायर हा २००६ मधला फिनलंडचा खेळ कळफलक गिटारसारखा धरून खेळायचा असल्याने आमच्या उपयोगाचा नाही. परफॉर्मस आणि अल्ट्रास्टार डीलक्स गाणाऱ्याचा सूर तपासतात. आरती म्हणणाऱ्या मुलांसाठी त्यांचा विचार मी पुढे करणार आहे, आज प्रश्न तालाचा आहे.

घुमटाला सर्वांत जवळचा वाटला तो ताइको हा जपानी ढोलाचा प्रकार, जो ओसू! या खेळात आणि ओपनताइकोमध्ये मिळतो. त्यात दोनच प्रकारचे ठोके असतात, एक पुडीच्या मध्यावरचा आणि दुसरा कडेवरचा. घुमटावर उजव्या हाताने आपण घुमणारा खुला ठोका आणि कडेचा कोरडा ठोका काढतो, तेव्हा ही विभागणी मुलांना लगेच समजेल. डाव्या तळव्याने मडक्याचे मागचे तोंड झाकून आणि उघडून नाद बदलण्याला मात्र या खेळात काहीच प्रतिरूप नाही, आणि माझ्या दृष्टीने घुमटाचे अर्धे सौंदर्य त्यात आहे.

माझी मुख्य अडचण लयीची आहे. आमची आरती संथ लयीत सुरू होते आणि शेवटाकडे शामेळ (ढोलाचा प्रकार) आणि कासाळ्यांसह (झांजांसह) पुष्कळ द्रुत होते. ही वाढ पायरीपायरीने होत नाही, प्रत्येक आवर्तनात थोडी थोडी होते. बहुतेक मार्गदर्शक लेखनात एका गाण्याला एकच बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) गृहीत धरलेला दिसतो. मेट्रोनोम कानाला लावून ध्वनिमुद्रण करणे शक्य आहे, पण मग ज्यासाठी सराव घ्यायचा ती चढती लयच नाहीशी होते. दुसरी अडचण अशी की आम्ही वाजवतो त्यांतील काही ठेके रूपकासारखे सात मात्रांचे आहेत आणि स्टेपमेनियाच्या संपादकात सगळीकडे चारचार मात्रांचे कप्पे दिसतात. अशा मुद्रणाचा चार्ट कसा करावा, आणि त्यासाठी कोणता खेळ निवडावा? शिवाय संगणक कक्षात एकच ब्लूटूथ स्पीकर आहे. तो चालेल का, हेही कृपया सांगावे.

मात्रा_आठ

नमस्कार सर. मी फोंड्याला असतो, भजनी मंडळात पखवाज वाजवतो आणि काही वर्षे स्टेपमेनियासाठी चार्ट तयार करत आलो आहे.

लयीचा प्रश्न सोडवता येतो, फक्त कष्ट आहेत. मुद्रण ऑडॅसिटी या ध्वनी संपादकात उघडून ते वाजत असताना प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) कंट्रोल आणि एम या कळा दाबाव्यात, म्हणजे त्या क्षणी एक लेबल पडते. हाताने दाबलेले लेबल थोडे पुढेमागे होणारच, म्हणून नंतर तरंग मोठा करून ते समेच्या ठोक्याच्या सुरुवातीवर सरकवावे. मग लेबले निर्यात केली की सर्व वेळा सेकंदांत मिळतात. समजा आठ मात्रांचे एक आवर्तन १२.४० सेकंदाला सुरू होऊन १७.२० सेकंदाला संपले, तर ४.८० सेकंदांत ८ मात्रा, म्हणजे त्या आवर्तनाचा बीपीएम १००. प्रत्येक मात्रेला वेगळा बीपीएम देण्याच्या फंदात पडू नये; आवर्तनामागे एक पुरतो आणि खेळणाऱ्याला लय नैसर्गिकपणे चढत असल्याचे जाणवते.

इथेच खेळाची निवड महत्त्वाची ठरते. स्टेपमेनियाच्या फाइलमध्ये बीपीएमचे बदल मात्रेच्या क्रमांकावर नोंदवलेले असतात, त्यामुळे एका आवर्तनातील सूक्ष्म चूक पुढच्या सर्व आवर्तनांत साचत जाते आणि आरतीच्या शेवटी बाण ठोक्यापासून स्पष्टपणे सुटलेले दिसतात. ओपनताइको वापरतो त्या टीजेए फाइलमध्येही हेच घडते. ओसू!मध्ये प्रत्येक लयबिंदूला मिलिसेकंदांतील स्वतःची वेळ असते, त्या बिंदूपुढील एका मात्रेची लांबी असते आणि आवर्तनाच्या मात्राही असतात. आपल्या लेबलांच्या वेळा तिथे जशाच्या तशा लिहिता येतात, १०० बीपीएमसाठी मात्रेची लांबी ६०० लिहायची आणि रूपकासाठी मात्रा ७. मागची चूक पुढच्या समेला पोहोचतच नाही. या एका कारणासाठी मी तुम्हाला ओसू!चा ताइको प्रकार सुचवेन. इंटरनेटशिवाय आणि खाते न उघडता तो स्थानिक फाइलींवर खेळता येतो.

परवान्याबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. ओसू!च्या नव्या आवृत्तीच्या प्रोग्रामचा कोड एमआयटी परवान्याखाली आहे, परंतु त्यासोबतची चित्रे आणि ध्वनी वेगळ्या, व्यापारी वापर वगळणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. शाळेसाठी त्यात अडचण नाही. आरतीचे शब्द जुने आणि पारंपरिक असले तरी बाजारातील ध्वनिमुद्रणावर भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क असतो, तेव्हा मुद्रण आपल्या पथकाचेच करावे.

जुन्या संगणकांवर ओसू! जड पडला, तर स्टेपमेनियाकडे वळावे लागेल. तिथे पुढील आवर्तनाचा बीपीएम काढताना दोन लेबलांमधील अंतर घेऊ नये. चार्टच्या हिशेबाने आपण आता ज्या वेळेला पोहोचलो आहोत तिथपासून पुढच्या लेबलापर्यंतचे अंतर घ्यावे, म्हणजे चूक दर समेला पुसली जाते. सात मात्रांसाठी तिथे सात कप्पे म्हणजे २८ मात्रा हा एक गट मानावा, त्यात रूपकाची चार आवर्तने बरोबर बसतात. मुद्रण एमपी३ऐवजी ऑगमध्ये साठवावे, कारण एमपी३ करताना सुरुवातीला जी मोकळी जागा भरली जाते तिच्यामुळे ऑफसेट, म्हणजे आवाज आणि चार्ट यांच्या सुरुवातीतील वेळेचा फरक, हलतो.

तार_आणि_ताल

ब्लूटूथ स्पीकर कृपया वापरू नये. १५० बीपीएमला एका मात्रेचे चार भाग केले, तर दोन ठोक्यांत १०० मिलिसेकंद अंतर राहते, आणि ब्लूटूथचा विलंब सहज तेवढा किंवा त्याहून अधिक असतो. स्टेपमेनियात सर्वोत्तम श्रेणीसाठी ठोका २२.५ मिलिसेकंदांच्या आत पडावा लागतो. स्थिर विलंब ऑफसेटने भरून काढता येतो हे खरे, पण तो फक्त गुणांपुरता. मुलाने दिलेल्या ठोक्याचा आवाज त्याच्या कानावर उशिराच येतो, आणि वाद्य शिकणाऱ्याला याहून घातक सवय नाही. प्रत्येक संगणकाला तारेचा साधा हेडफोन द्यावा.

डाव्या तळव्याबद्दल आपण जे लिहिले ते मला फार पटले. कळफलकाऐवजी खरे मडके वापरता येईल. अर्डुइनो लिओनार्डो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड संगणकाला यूएसबी कळफलक म्हणून दिसतो. पुडीच्या मध्याजवळ एक आणि कडेला एक अशा थरथर ओळखणाऱ्या पिएझो चकत्या चिकटवून, प्रत्येकीला समांतर एक मेगाओहमचा रोध जोडला, की ठोक्यागणिक कळ दाबल्याचा संकेत पाठवता येतो. पुडी एकच असल्याने दोन्ही चकत्या थरथरतील. ज्या चकतीचा संकेत मोठा तिचा ठोका धरावा. मागच्या तोंडाशी बाहेरच्या दिशेने प्रकाश संवेदक बसवला, तर तळवा झाकला की अंधार होतो आणि तेही ओळखता येईल. तडा गेल्यामुळे बाजूला ठेवलेले एखादे घुमट यासाठी पुरेसे आहे.

घुमट_डिचोली

दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. लयबिंदूला स्वतःची वेळ असते ही माहिती माझ्यासाठी निर्णायक आहे. आधी आमच्या सर्वांत जुन्या संगणकावर ओसू! चालवून पाहतो, आणि मुलांच्या एका आरतीचे मुद्रण करून समेची लेबले लावतो. मात्रा_आठ, लेबलांची फाइल इथे जोडली तर पहिली काही आवर्तने आपण तपासून द्याल का? आणि तार_आणि_ताल यांना एकच विचारायचे आहे : तळवा झाकलेला ठोका ताइकोमधील मोठ्या ठोक्याच्या खुणेने दाखवावा असे मनात आहे, पण ओसू! मोठ्या ठोक्याचे पूर्ण गुण दोन कळा एकत्र दाबल्या तरच देतो. तळवा झाकलेला असताना बोर्डानेच दोन्ही कळांचा संकेत एकदम पाठवावा, अशी सोय करता येईल का?

तार_आणि_ताल

येईल. संवेदकावर अंधार असताना पिएझोचा संकेत आला, तर त्या ठोक्याच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कळा एकत्र पाठवाव्यात. प्रोग्राममध्ये ती एकच अट आहे. कक्षातील दिव्यांप्रमाणे अंधाराची मर्यादा बदलावी लागेल, म्हणून ती सुरुवातीलाच वेगळ्या ओळीत लिहून ठेवतो आणि प्रोग्राम इथे जोडतो.

मात्रा_आठ

फाइल अवश्य जोडावी. लेबलांसोबत मुद्रणही ऑगमध्ये द्यावे, म्हणजे सम कुठे धरली आहे ते ऐकून पाहता येईल.