मदत हवी आहे: गॅरेजच्या छतात कन्सील्ड लाइट बसवायचेत, पण स्लॅब फोडायचा की फॉल्स सिलिंग? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे, वीसेक वर्षांपूर्वीचं. खाली शटरचं पार्किंग आहे, त्याला आम्ही गॅरेज म्हणतो. (नाशकात ‘आमच्या गॅरेजमध्ये’ म्हटलं की लोक लगेच सर्व्हिसिंगचा रेट विचारतात, म्हणून आधीच सांगते, हे घरचं आहे.) १८ बाय ११ फूट. स्लॅब ९ फूट ८ इंचांवर. शटरपासून १० फुटांवर आडवा बीम, तो स्लॅबखाली ९ इंच उतरलाय. गाडी मध्ये उभी राहते आणि मागच्या भिंतीला बाबांचं टेबल आहे.

खरा प्रश्न त्या टेबलाचा. बाबा ७२ वर्षांचे. अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे हात स्वस्थ बसत नाहीत. सध्या जुनी स्कूटर पूर्ण खोलून बसलेत. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तक्रार दुहेरी आहे: उजेड पुरत नाही, आणि दिवा डोळ्यांसमोर आला तर चिडचिड होते. आज तिथे मागच्या भिंतीवर एक जुनी ट्यूब आणि शटरपाशी एक बल्ब, एवढंच आहे.

मला छतात सपाट बसणारे लाइट हवेत. ट्यूबवर जाळी धरते, बाबा स्टूलवर चढून ती पुसतात आणि मला नेमकं तेच नकोय. दोघांना विचारलं. वायरमन म्हणाला, स्लॅबला खाचा मारून कन्सील्ड करून देतो. पीओपीवाला म्हणाला, बीमच्या खालून सगळं सपाट सिलिंग करू आणि १५ वॅटचे १२ पॅनल टाकू, पांढराशुभ्र उजेड.

कोणाचं ऐकू? किती वॅट, कोणता रंग? आणि पावसाळ्यात शटरखालून ओल येते, त्यात जिप्सम टिकेल का? घरात इन्व्हर्टर आहे, हे लाइट त्यावर घ्यायचेत.

—

जुना वायरमन

ताई, पहिली गोष्ट. स्लॅबला छिन्नी लावू देऊ नका. घरगुती स्लॅब साधारण ५ इंचांचा असतो आणि खालच्या सळईवर काँक्रीटचं कव्हर जेमतेम २० मिलिमीटर. पॅनल बसवायला दीड-दोन इंच खोली लागते, म्हणजे सळई उघडी पडणारच. मग गंज, मग पोपडे. भिंतीला झिरी मारणं वेगळं आणि स्लॅबला मारणं वेगळं. हे न कळणाऱ्या माणसाच्या हातात माझ्या घरचा होल्डरही मी देणार नाही.

स्लॅबमध्ये घर बांधतानाच टाकलेले बॉक्स असतील तर गोष्ट वेगळी. डीप जंक्शन बॉक्समध्ये बसणारे ६-७ वॅटचे गोल दिवे मिळतात. पण ते बॉक्स आहेत तिथेच बसणार, तुम्हाला हवे तिथे नाही. तुमच्याकडे किती आहेत बघा.

—

धागाकर्ती

दोनच आहेत, दोन्ही गाडीच्या टपावर. स्लॅब फोडणं बाद. धन्यवाद, बाबाही हेच म्हणत होते, पण घरच्यांचं कोण ऐकतं!

—

चहाबाज

चार फुटी एलईडी बॅटन लावा, विषय संपला. गॅरेजला कसली सिलिंग करताय.

—

लक्सवाला

चहाबाज यांचं अर्धं बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो. आधी आकडे.

जागा १९८ चौरस फूट, म्हणजे सुमारे १८.४ चौरस मीटर. गाडी लावायला, सामान काढायला १५० लक्स (म्हणजे जागेवर प्रत्यक्ष पडणारा उजेड) भरपूर. १५० गुणिले १८.४ म्हणजे २,७६० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड). पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामाच्या उंचीपर्यंत पोचत नाही, भिंती खातात, धूळ खाते. साधारण ६० टक्के धरा, म्हणजे दिव्यांतून ४,६०० ल्युमेन निघायला हवेत. बरा एलईडी वॅटला ९०-१०० ल्युमेन देतो. म्हणजे १० वॅटचे ५ किंवा ६ दिवे. पीओपीवाल्याचे १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट, जवळजवळ तिप्पट. सराफ बाजारात दुकान थाटायचं असेल तर ठीक.

आता जागा. बहुतेक लोक दिवे छताच्या मधोमध ओळीने लावतात आणि सगळा उजेड गाडीच्या टपावर सांडतो. तुमची रुंदी ११ फूट, गाडी ६ धरा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांची वाट उरते. माणूस चालतो, वाकतो, टायर बघतो तो त्या वाटेत. दिवे तिथे हवेत.

म्हणून पूर्ण सिलिंग करूच नका. दोन्ही लांब भिंतींना २ फूट रुंद, ५ इंच खाली उतरलेला पट्टा करा. प्रत्येक पट्ट्यात तीन दिवे, भिंतीपासून सव्वा फुटावर. शटरपासून साडेतीन, आठ आणि साडेबारा फूट असे घ्या, बीम आपोआप चुकतो. मधला स्लॅब तसाच ठेवून पांढरा रंग मारा. शटरकडचे पहिले दोन फूट मोकळेच सोडा. शटरचा गुंडाळा तिथे असतो, उद्या स्प्रिंग बदलायची वेळ आली तर सिलिंग फोडावं लागेल.

पट्टा बीमपाशी तुटेल, तुटू द्या. वायरचा पाइप बीमच्या खालून वळवून घ्या, बीमला भोक पाडायचं नाही.

आणि टेबल. तिथे कन्सील्ड लावलात तर पैसे वाया. छतातला दिवा माणसाच्या डोक्यामागे येतो आणि स्वतःचीच सावली हातावर पडते. टेबलाच्या वर साधारण मीटरभर उंचीवर, भिंतीलगत, २० वॅटची चार फुटी बॅटन लावा, म्हणजे उजेड माणसाच्या समोरून हातावर येईल. टेबलावर ४००-५०० लक्स मिळतात. बॅटनपुढे तीन इंचांची पट्टी ठोका, म्हणजे नळी डोळ्यांत येणार नाही. बाबांच्या चिडचिडीचं कारण बहुधा तेच आहे. हात पोचेल इतक्या खाली असल्याने पुसायला स्टूलही लागत नाही.

—

गोदाकाठ

रंगाबद्दल. दुकानात न विचारता ६५०० केल्विन (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा) हातात देतात, निळसर पांढरा. ४००० घ्या, तो कमी निळसर. आणि टेबलावरच्या दिव्याचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा १०० पैकी आकडा) ९० बघा, नाहीतर लाल आणि तपकिरी वायर सारख्याच दिसतात. स्कूटरच्या वायरिंगमध्ये ती चूक महागात पडते, अनुभव आहे.

खोक्यावर बीआयएसची नोंदणी असल्याचं चिन्ह आहे का तेही पाहा. सुट्या ड्रायव्हरवरही (दिव्याला वीज पुरवणारी छोटी डबी).

—

लक्सवाला

रंगावर सहमत. एक भर घालतो. बाबा टेबलावर ग्राइंडर किंवा ड्रिल वापरत असतील तर फ्लिकर तपासाच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना कळत नाही, पण फिरतं चाक ठरावीक वेगाला थांबल्यासारखं दिसू शकतं. दुकानातच मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिवा बघा. पट्टे पळताना दिसले तर ठेवून द्या.

—

जुना वायरमन

लाइटच्या सर्किटला दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर, ६ अँपियरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक दिव्यापर्यंत न्या, भले आज दिव्याला तिसरी क्लिप नसो. बोर्डाला ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हीच वेळ आहे, ओल्या फरशीवर उभं राहून काम होतं तिथे तर हवीच. पट्ट्याच्या आत वायर मोकळी सोडायला देऊ नका. पीव्हीसी पाइपमधूनच न्या, उंदीर सिलिंगमध्ये पहिले पोचतात.

जिप्सम छताला असल्याने शटरखालची ओल तिथवर जाणार नाही, पण स्लॅब पाझरत असेल तर आधी तो बंद करा. शंका असेल तर सिमेंट फायबर बोर्ड घ्या. जड आहे, पण ओलीला दाद देत नाही. पावसाळ्यात उजेडाला पाखरं येतात, त्यामागे पाली. शटरजवळचे दोन दिवे आयपी ५४ चे (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारे) घ्या, बाकी साधे चालतील.

आणि दिवे आधी विकत घ्या, भोकं नंतर पाडा! खोक्यावर एकाच मापाचे दिसले तरी कटआउट (दिव्यासाठी पाडायच्या भोकाचं माप) कंपनीगणिक वेगळं निघतं. दोन जास्तीचे आणून ठेवा, दोन वर्षांनी तोच मॉडेल मिळत नाही.

—

अंगणातली

इन्व्हर्टरचं एक बघा हं. आमच्याकडे गॅरेजचे लाइट बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत होते. सासूबाईंनी वास्तुदोषापर्यंत नेलं. शेवटी निघालं काय, वायरमनने स्विचमध्ये फेजऐवजी न्यूट्रल तोडला होता.

—

जुना वायरमन

बरोबर. टेस्टरने बघायचं, बंद केलेल्या दिव्यापाशी फेज सापडला म्हणजे तीच गडबड. इंडिकेटर असलेल्या स्विचनेही मिणमिण होते. आणि ताई, इन्व्हर्टरची बॅटरी कुठे आहे?

—

धागाकर्ती

गॅरेजमध्येच, टेबलाशेजारी. का?

—

जुना वायरमन

चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हलका, छताकडे जातो. पेट्रोलची वाफ उलट जड, ती फरशीवर पसरते. त्या दोन्हींच्या मध्ये बाबा ग्राइंडर चालवणार. मागच्या भिंतीला वरच्या बाजूला जाळीचं भोक हवं, पट्ट्याने ते झाकू नका. आणि टेबलाजवळचं सॉकेट फरशीलगत असेल तर वर घ्या.

—

धागाकर्ती

काल सगळं मोजलं. जाळीची खिडकी आहे, पण बाबांनी तिच्यावर पत्रा ठोकला होता, मांजर येतं म्हणून. पत्रा काढला, आता बारीक जाळी लावतोय. डिकी पूर्ण उघडून टेप धरला तर ६ फूट ८ इंच, पट्टा ९ फूट ३ इंचांवर येणार, म्हणजे काही अडत नाही. सॉकेट खरंच फरशीपासून नऊ इंचांवर आहे, ते वर घेणार.

पीओपीवाल्याला पट्ट्यांचं सांगितलं तर म्हणाला, “मॅडम, एवढ्याशा कामाला माणूस येत नाही.” दुसरा शोधतेय. इंदिरानगर, पाथर्डी भागात लहान काम घेणारं कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नंबर टाकू नका.

बॅटनचं ऐकल्यापासून बाबा खुश आहेत. आज सकाळी शालिमारला जाऊन ते स्वतःच घेऊन आले, दुकानात मोबाइल धरून स्लो मोशनही बघितलं म्हणे. ४००० केल्विनचीच आणलीय. आता पुढची तीन इंची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची करायची की प्लायची, यावर घरात चर्चा चालू आहे.

—

चहाबाज

प्लाय. अ‍ॅल्युमिनियम चमकतं.