मदत हवी आहे: टर्मिनलवर मराठी शब्दांची यादी लावताना ळ आणि ऱ्ह यांचा घोळ

मंडळी, विंडोज ११ च्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू लिनक्स टाकलंय. मालवणी शब्दसंग्रह जमवतोय. नातेवाइकांनी नोटपॅडमध्ये टंकून पाठवलेल्या फायली कॅट या आज्ञेने जोडतो आणि पुढे सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी आज्ञा), युनिक (लागोपाठच्या सारख्या ओळींतली एकच ठेवणारी) यांना पाइप करतो, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला देतो. ओळीच्या शेवटची विंडोजची जादा खूण डॉस-टू-युनिक्सने काढली, ते काम झालं. (त्याआधी ग्रेप या शोधायच्या आज्ञेला ओळीतलं शेवटचं अक्षर काही केल्या सापडेना!)

आता दोन अडचणी.

पहिली: लोकॅल (भाषेप्रमाणे क्रम वगैरे ठरवणारी सेटिंग) ‘सी’ असेल तर सॉर्ट नुसता बाइटचा क्रम बघतो. युनिकोडमध्ये ळ हा लच्या लगेच पुढे, म्हणून ‘केळ’ येतं ‘केस’च्या आधी. आपल्याला ळ हनंतर हवा, क्ष-ज्ञ अगदी शेवटी. मराठीचा लोकॅल तयार करून कुणी हे जमवलंय का? की पायथनला शरण जावं लागेल?

दुसरी जास्त छळतेय. ‘तऱ्हा’ युनिकनंतरही दोनदा उरतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण ओडी या आज्ञेने फाइलमधले बाइट पाहिले तर एकात सरळ ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि वर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराच्या वेगळ्या नोंदी सारख्या करणं) हे दोन एक होत नाहीत. सेड या शोधून बदलणाऱ्या आज्ञेने सरसकट बदललं तर दुसरीकडे कुठे जोडक खरोखर लागतो तिथे गडबड होईल का?

एक्सेल सुचवू नका, प्लीज. नवी फाइल आली की एका स्क्रिप्टने सगळं व्हायला हवं.