रस्ट कंपायलरमधलं टाइप नॉर्मलायझेशन: गाइडमध्ये लिहायचं की कोडशेजारी?

रात्रपाळी:
रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमध्ये हात घालायचा तर नॉर्मलायझेशन कळायलाच हवं आणि नुसता कोड वाचून ते कळत नाही. व्हेक<यू३२> चा इंटूइटरेटरमधला आयटम म्हणजे यू३२ हे आपल्याला लगेच दिसतं, पण कंपायलरसमोर तो एक एलियस, म्हणजे दुसऱ्या टाइपचं टोपणनाव, असतो, तो सोडवून यू३२ पर्यंत आणायचा म्हणजे नॉर्मलायझेशन. ते राहिलं की एकच टाइप दोन वेगळे वाटायला लागतात. आता जेनेरिक फंक्शनमध्ये, म्हणजे टाइपची जागा टी म्हणून मोकळी ठेवलेल्या फंक्शनमध्ये, टी हा इटरेटर आहे एवढंच ठाऊक असेल तर टी::आयटम पुढे सुटतच नाही, तो रिजिड. आणि टी च्या जागी अजून न ठरलेला टाइप असेल तर तो अँबिग्युअस, आत्ता अडलाय पण पुढे सुटू शकतो. नवीन माणूस इथेच अडकतो. डेव्ह गाइडमधलं, म्हणजे कंपायलरवर काम करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतलं, यावरचं प्रकरण अजून वाढवलं पाहिजे.

घाटमाथा:
नाही पटत. जुना सॉल्व्हर (टाइप अटी पूर्ण करतो का हे तपासणारा कंपायलरचा भाग) एलियस दिसला की आधी नॉर्मलाइज करून मोकळा होतो, नवा ते लांबवतो, दोन टाइप जुळवायची वेळ आली की मग बघतो. हा नवा सॉल्व्हर रस्ट १.८४ मध्ये, जानेवारी २०२५ ला, आला तोही फक्त कोहेरन्स तपासणीपुरता, म्हणजे एकाच टाइपसाठी दोन इम्प्लिमेंटेशन एकमेकांना भिडत नाहीत ना हे बघण्यापुरता. मग गाइडमधलं वाक्य कुठल्या सॉल्व्हरबद्दल आहे हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? शिळी माहिती जास्त नुकसान करते. डॉक कमेंट, म्हणजे कोडलगतच वर्णन, लिहा, कोड बदलणाऱ्याच्या आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेसमोर तरी राहते.

रात्रपाळी:
कमेंट एका फंक्शनपुरतं सांगते हो. नॉर्मलाइज_इरेझिंग_रीजन्स हे फंक्शन लाइफटाइम (रेफरन्स किती काळ वैध याची माहिती) पुसून टाकतं हे कमेंटमध्ये येईल, कोडजेनला, म्हणजे मशीन कोड बनवण्याच्या टप्प्याला, ते चालतंही, पण टाइपचेकमध्ये तेच वापरलं तर लाइफटाइमच्या अटीच हरवतात, मग तिथे काय वापरायचं, कुठल्या टप्प्यावर कुठलं, हे सगळं एका जागी नको का?

तिसरी_खिडकी:
मला दोन्ही अपुरं वाटतं. कंपायलरमधल्या टाइप_ऑफ कडून टाइप अर्लीबाइंडर या रॅपरमध्ये गुंडाळलेला मिळतो, त्यामुळे जेनेरिक भरायचे राहिलेत हे कंपायलरच आठवण करून देतो. तसाच नॉर्मलाइज न झालेल्या टाइपला वेगळा रॅपर द्या, म्हणजे चूक बिल्डमध्येच पकडली जाईल, लिहून कशाला ठेवायचं.

रात्रपाळी:
रॅपर जरूर द्या, मला आवडेल. पण तो टाइप कुठल्या पॅरम-एन्व्हमध्ये (त्या जागी लागू असलेल्या अटींमध्ये) नॉर्मलाइज केला हे रॅपर सांगणार का? एका फंक्शनमध्ये टी::आयटम रिजिड असतो, शेजारच्या फंक्शनवर आयटम = यू३२ अशी अट लावली की तोच टी::आयटम तिथे यू३२ होतो. इकडचा नॉर्मलाइज्ड टाइप तिकडे नेला तर पुन्हा नॉर्मलाइज करावा लागतो, हे कुठेतरी माणसाला वाचता येईल असं लिहिलेलं पाहिजेच.

घाटमाथा:
हा मुद्दा बरोबर, पण तोही पॅरम-एन्व्हच्याच डॉक कमेंटमध्ये टाका, गाइडमधून तिकडे लिंक द्या. मजकूर एकाच ठिकाणी हवा आणि ते ठिकाण कोड.