मदत हवी आहे: चार नाटकांचा हंगाम, आणि हसायला कुणी नसताना विनोदी नाटकाची तालीम कशी करायची?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आम्ही तेरा जण नोकऱ्या सांभाळून हौशी नाटक करतो. आजवर वर्षाला एकच, तेही राज्य नाट्य स्पर्धेपुरतं. यंदा पहिल्यांदा चार नाटकांचा हंगाम ठरवलाय. दोन विनोदी, दोन गंभीर, आणि चारही प्रयोगांना मिळून एक पास. ठरवताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आता पोटात गोळा आलाय.

जागेचं आधी सांगतो. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेपाशी आमच्यातले बरेच जण उभे होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. असो. हंगामाची आखणी त्या रंगमंचाच्या भरवशावर करायची नाही, शाहू स्मारकासारखी लहान सभागृहं धरूनच करायची, असं आम्ही ठरवलंय. नेपथ्य चारही नाटकांना एकच. उद्यमनगरातला एक मित्र घडीच्या लोखंडी चौकटी करून देतोय, सगळं एका छोटा हत्तीत मावेल.

तारखांचं दुखणं वेगळंच. गणपतीत निम्मे कलाकार पेठेतल्या सजीव देखाव्यांत असतात. दोघं साखर कारखान्यात आहेत, गळीत सुरू झालं की पाळ्या. एक ताई शिक्षिका, म्हणजे मार्च गेला. तरी पहिला प्रयोग रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, करायचा हट्ट आहे.

आता खरा प्रश्न. गंभीर नाटक आम्हाला जमतं. म्हणजे निदान पडत नाही. विनोदी मात्र गेल्या वर्षी सपशेल पडलं, आणि गंमत म्हणजे हशा येऊनही पडलं! दोन अंकी फार्स होता. तालमी दीड महिना, एका तालीम मंडळाच्या माडीवर. (खाली मातीत जोर चालू, वर आमचे संवाद. कोल्हापुरात तालीम म्हटलं की लोकांना आधी खालची आठवते.) पहिल्या आठवड्यात आम्हीच पोट धरून हसलो. तिसऱ्या आठवड्यात कुणी हसेना. शेवटी आम्ही विनोद आहे हेच विसरलो आणि सगळं धाडधाड म्हणायला लागलो.

प्रयोगात पहिल्या दहा मिनिटांतच मोठा हशा आला, आम्हाला अजिबात अपेक्षित नव्हता अशा जागी. आमचा गडी थांबलाच नाही. पुढची दोन वाक्यं त्या हशात बुडाली, आणि आलेला पाहुणा खरा मामा नाही हे नेमकं त्याच दोन वाक्यांत होतं. मग काय, मध्यंतरात चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना विचारत होते, "ह्यो मामा कुणाचा?" दुसऱ्या अंकात शुकशुकाट.

तर विचारायचंय ते असं: प्रेक्षक नसताना हशाची तालीम करतात कशी? शिवाय हंगाम विनोदीने उघडावा की गंभीरने? आणि पाच पुरुष, तीन बायका एवढ्यांत बसेल असं एखादं जुनं विनोदी नाटक सुचवा. जुनं असलं की परवानगीची भानगड नसते ना?

रंकाळाकर
भावा, विनोदी आधी लाव. पास घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी रडून घरी गेला तर पुढच्या खेपेला शेजाऱ्याला पास देऊन मोकळा होतोय.

विंगेतला माणूस
मी उलट सांगेन. विनोदी नाटकाला तालमी जास्त लागतात, आणि तुमच्याकडे नोव्हेंबरपर्यंत वेळ कमी आहे. गणपती संपल्यावर माणसं हातात येणार. हातखंडा असलेलं गंभीर आधी करा, विनोदी जानेवारीत.

आता हशाबद्दल. हशा पूर्ण संपेपर्यंत थांबायचं नसतं, तसं केलं की प्रयोग गार पडतो. तो चढतो, टिकतो आणि उतरायला लागतो. उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. तोवर नटाने गप्प उभं राहायचं नाही, भूमिकेतच काहीतरी करत राहायचं. पान लावा, चष्मा पुसा. हे अंगवळणी पडायला तालमीत कुणाला तरी मुद्दाम भलत्या ठिकाणी हसायला बसवा. ठरलेल्या ठिकाणी नव्हे, भलत्याच.

दुसरं, कथानकाचं मर्म असलेलं वाक्य विनोदाच्या पाठोपाठ कधीच ठेवू नका. लेखक जवळचा असेल तर दोन ओळी पुढे सरकवून घ्या. तुमचा मामा तिथेच मेला.

गद्यपद्य
"जुनं असलं की भानगड नसते" हा गैरसमज आधी काढा. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क राहतो. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांची नाटकं २०२९ अखेरपर्यंत परवानगीशिवाय नाहीत. मामा वरेरकर १९६४ साली गेले, ते २०२५ पासून मोकळे. गोविंद बल्लाळ देवल तर १९१६ सालीच गेले. त्यांचं संशयकल्लोळ संगीत नाटक आहे, ते गायकांशिवाय करू नका, पण त्याच कथेचं देवलांचं आधीचं गद्य नाटक आहे, 'फाल्गुनराव'. संशयी नवरा, संशयी बायको, एका तसबिरीवरून सगळा घोळ. पात्रं मोजून बघा, एकेकाला दोन भूमिका दिल्या तर जमेल. देवल क्लबाच्या गावात देवल शोभतीलही.

हौशी मंडळाने विनामूल्य प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे. तुम्ही पास विकताय, त्यामुळे ती सूट तुम्हाला नाही. आणि संहिता कुणाचीही असो, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. नवी संहिता तर आधीच पाठवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

मिरजेची मी
आम्ही शेवटचे आठ दिवस रोज चार नवी माणसं तालमीला बोलावतो. अट एकच, त्यांनी नाटक पाहिलेलं नको आणि ती कलाकारांच्या घरची नकोत. घरचे उगाच हसतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. रंकाळाकरांचं मत दोन मतांनी पडलं, हंगाम गंभीर नाटकाने उघडतोय. 'फाल्गुनराव'ची प्रत मिळवायला एकाला कामाला लावलंय. मिरजेच्या ताईंची युक्ती लगेच करून बघितली. तालमीतले चार पैलवान जोर संपवून वर आले, गेल्या वर्षीच्या फार्सचा पहिला प्रवेश त्यांना दाखवला. पहिली पाच मिनिटं ढिम्म. मग मामा आला आणि एकजण असा हसला की आमची ताई वाक्यच विसरली. पण थांबली, पदर सावरला, आणि हशा उतरताना बरोबर बोलली.

दसऱ्यानंतर दर बुधवारी रात्री साडेआठला नवी माणसं लागतील. कोल्हापुरातलं कुणी येणार असेल तर इथेच कळवा. चहा आमचा. संहिता वाचून येऊ नका.