रेवस–काशीद एका दिवसात: गिअर, वारा आणि लाँच

नेरुळ_७००सी:
जानेवारीतल्या एखाद्या रविवारी करंजाहून लाँचने रेवस, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद आणि परत, असा बेत आहे. हायब्रिड सायकल, पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते ३२ दात्यांच्या, टायर ३५ मिमी. रेवदंडा ओलांडल्यावर कोर्लईपुढच्या चढांना गिअर पुरतील का? नेरुळहूनच चालवत निघावं का?

चेनचा_माणूस:
पुरतील. पुढे २८, मागे ३२ वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेत तरी वेग ताशी सातच्या आत राहतो. चढ लहान आहेत, पण एकामागोमाग येतात. पुढच्या लहान चकतीवर (चेनरिंगवर) चढ लागायच्या आधीच या. जोर लावलेला असताना पुढचा गिअर बदलला की चेन आत पडते.

खरी भीती लाँचची. सायकल डाव्या अंगावर टेकवा. उजव्या, म्हणजे चेनच्या अंगावर आडवी झाली तर हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) वाकतो. सपाटीला ते कळत नाही; चढावर ३२ दात्यांवर गेलात की डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) थेट स्पोक्समध्ये. म्हणून रेवसला उतरल्यावर मागचं चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून बघा. डिरेलर स्पोक्सच्या फार जवळ येत असेल तर दिवसभर मागची सर्वांत मोठी चकती वापरू नका. एल स्क्रू (डिरेलरला स्पोक्सकडे जाण्यापासून अडवणारा) पिळून वाकलेला हँगर सरळ होत नाही.

भांगाची_भरती:
गिअरपेक्षा तिथी बघा! रेवसला गाळ आहे, मोठ्या ओहोटीला लाँच अडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ तासांत मिळते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. नेमक्या तुमच्या जाण्यायेण्याच्या वेळा. अष्टमीच्या आगेमागे उलट: भरती सहाच्या सुमारास, शिवाय भांग (लहान भरती-ओहोटी) असल्याने पाणी फार खाली जात नाही. पंचांगावर भागवू नका, भरतीचा तक्ता आणि शेवटच्या लाँचची वेळ दोन्ही विचारून घ्या.

दुसरं, वारा. सकाळी मतलई वारे, फारसा त्रास नाही. दुपारी खारे वारे वायव्येकडून येतात, आणि तुम्ही तेव्हा उत्तरेला परतत असता. रेवस–काशीद जाऊन-येऊन साधारण ११० किमी. काशीदहून अकराला मागे फिरा, जेवण रेवदंड्याला.

उरण_रोड:
नेरुळ–करंजा एका बाजूचे तीसेक किमी आहेत, म्हणजे एकूण १७०. सायकल गाडीत टाकून करंजाला न्या. वाटेत गव्हाण फाटा–जासई पट्ट्यात कंटेनरचे ट्रेलर असतात. चालवतच जायचा हट्ट असेल तर रेवदंड्याहून परता. पण मग ज्या चढांसाठी गिअर मोजताय ते लागणारच नाहीत.

नेरुळ_७००सी:
गाडीच नेतो. हवा किती? पाणी?

चेनचा_माणूस:
७५ किलो वजनाला पुढे ५०, मागे ५५ पीएसआय. वळणांवर वाळू असते, जास्त हवा भरलीत तर उतारावर चाक घसरेल. पाणी तासाला पाऊण लिटर, ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्ये. अर्ध्या बाटलीत ओतली तर मळमळेल. घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा आणि त्याच रात्री तेल घाला.